पेशंटचे नाव

योगिताचे केस पांढरे होऊ लागले आहेत, हे मला उधना दरवाजाच्या बीआरटीएस स्टॉपवर कळले. रविवार होता, सकाळचे नऊ वाजले असतील. संक्रांत होऊन दहा दिवस झाले होते आणि तारांवर अजून मांजे लोंबत होते. मी बळीरामकडे निघालो होतो. त्याने आणि मी एकाच खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, बत्तीस वर्षे लूम चालवले. आता रविवारी त्याच्या ओट्यावर बसून चहा पिणे एवढेच काम उरले आहे. समोर काचेच्या दाराजवळ एक बाई उभी होती. केस मागे गुंडाळून चाप लावलेला, भांग जरा डावीकडे, कानामागे चार-पाच पांढरे केस. स्टॉपवर माणूस माणसांकडे बघतो तसे मी बघितले. मग तिने मान वळवली आणि ती माझी सून निघाली. काहीतरी बघू नये ते बघितल्यासारखे झाले आणि मी खांबामागे सरकलो. चौदा वर्षे जिच्या हातची भाकरी खाल्ली ती बाई मला ओळखू आली नाही, कारण तिचे उघडे डोके मी एकदाच, तेही ओझरते, पाहिले होते. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर पदर घेते. त्याच्याशी समोरून बोलत नाही, त्याचे नाव तोंडाने घेत नाही, त्याला हात लागू देत नाही. माझी बायको उषाबाई होती तोवर सगळे बोलणे तिच्यामार्फत व्हायचे. चार वर्षांपूर्वी ती गेली आणि ते काम नातीकडे, चंचलकडे आले. मी दोन हातांवर बसलेलो असतो आणि योगिता म्हणते, ‘चंचल, आबाले सांग, च्या व्हयना.’ चंचल मोबाईलमधून मान न काढता म्हणते, ‘आबा, च्या.’ चंचल शाळेत असली तर योगिता भिंतीला सांगते. मीही भिंतीलाच सांगतो, की आज भाजीत मीठ जास्त आहे. आमच्या नवागामच्या खोलीतली ती भिंत एवढे ऐकून आहे की तिला कधी तोंड फुटले तर आमची पंचाईत होईल.

त्या सकाळी योगिताने चंचलला, म्हणजे मला, सांगितले होते की ती लिंबायतला सुषमाकडे, मावसबहिणीकडे जाते आहे. लिंबायत आमच्या घराला लागून. त्यासाठी उधना दरवाजापर्यंत यावे लागत नाही. बस आली ती कतारगामची. योगिता चढली. आणि मी, बळीरामकडे जाणारा माणूस, मफलर नाकापर्यंत ओढून मागच्या दाराने चढलो. पहिल्यांदा मनात आले ते लिहायला लाज वाटते. घरातली बाई खोटे सांगून बसमध्ये चढली तर म्हाताऱ्याच्या मनात जे येते तेच आले. पण ते फार टिकले नाही. मला लहानपणापासून बघायची खोड आहे, आणि बघायला लागलो की रागाला जागा उरत नाही. ती बायकांच्या सीटवर बसली होती. मांडीवर एक पातळ पुस्तिका. ओठ हलत होते.

हे ओठांचे सांगायला हवे. लूमच्या खात्यात आवाज असा असतो की शेजारी उभ्या माणसाची हाक कळत नाही. दोनशे साचे, म्हणजे लूम, एकदम चालतात. माझा डावा कान पस्तिशीतच गेला, उजवा त्याच्या मागे निघाला आहे. म्हणून आम्ही सगळे ओठ वाचतो आणि हातांनी बोलतो. मिशीला पीळ दिल्यासारखे केले की शेठ आला. अंगठा ओठाला लावला की चहा. दोन बोटे चिमटीत धरून ओढली की तार तुटली. ओडिया, भैया, खान्देशी, सगळ्यांची ती एकच भाषा. त्यामुळे अक्षरे यायच्या कितीतरी आधीपासून मला वाचता येत होते असे मी म्हणतो, आणि बळीराम हसतो. तर बसमध्ये मी योगिताचे ओठ वाचले. ती मोजत होती. एक, दोन, तीन, असे तीसपर्यंत. मग दोन. मग पुन्हा एकपासून तीस, पुन्हा दोन. घरी ती साड्यांवर टिकल्या चिकटवायचे काम आणते. दिवसभर मोजणेच असते, पण ते बारा-बाराचे असते. हे तिसाचे मला कळेना. तिसाला थांबून ती श्वास घ्यायची, खरोखर छाती भरून, आणि शेजारची बाई तिच्याकडे बघायची. मला वाटले मंत्र असेल. मग वाटले मंत्राला कोणी पुस्तिकेतले चित्र का बघेल? अठ्ठावीसवर एकदा ती चुकली, जीभ चावली, आणि पुन्हा एकपासून सुरू झाली. चौदा वर्षांत मी तिला चुकताना पाहिले नव्हते. म्हणजे भाजीत मीठ चुकते, पण जीभ चावताना नाही.

कतारगामला ती उतरली आणि हिऱ्याच्या कारखान्यांच्या गल्लीतून चालू लागली. रविवार असून निम्म्या कारखान्यांचे दिवे चालू होते, खिडक्यांना हिरवे पडदे. गल्लीच्या शेवटी कुठल्याशा ट्रस्टचा हॉल होता, दारावर कापडी बोर्ड. गुजराती. ती आत गेली आणि मी बोर्डाखाली उभा राहून वाचू लागलो. मला अक्षरे बासष्टाव्या वर्षी आली. चंचल पहिलीत होती, मराठी शाळेत, आणि योगिता तिला चुलीजवळ बसवून पाटीवर घटवायची. मी पलीकडे खाटेवर डोळे मिटून पडलेलो असायचो. क म्हणताना योगिताचा आवाज मोठा व्हायचा. मी चोरून बघायचो. काही महिन्यांनी माझ्या लक्षात आले की ती पाटी माझ्या बाजूला तिरपी धरते. त्यावर आम्ही दोघे कधी काही बोललो नाही, बोलणार कसे? गुजराती अक्षरांना वरची रेघ नसते, म्हणून ती मला अजून दोरीवरून सुटलेल्या कपड्यांसारखी वाटतात, पण जुळवत गेलो की लागतात. पहिला शब्द लागला तो न-र्-स. पुढे नोंदणी, नूतनीकरण, तालीम, म्हणजे प्रशिक्षण. मग मी खाली बसलो, पायरीवर, कारण मला बसावेसे वाटले.

योगिता नर्स आहे. हे मी विसरलो होतो असे नाही. पण घरात एखादी पेटी वर्षानुवर्षे माळ्यावर असते, तिच्यात काय आहे ते माहीत असते आणि तरी ती दिसत नाही, तसे झाले होते. नंदुरबारला तीन वर्षे शिकून आली होती. माझ्या मुलाशी, धर्मेंद्रशी लग्न झाले तेव्हा मी सगळ्यांना सांगायचो, सून शिकलेली आहे. उधन्याच्या एका खाजगी दवाखान्यात ती कामाला होती. चंचल झाली, उषाबाई बाळाला बघायची, योगिता ड्युटीवर जायची. मग अकरा वर्षांपूर्वी आमच्या खात्यातला मगन जिन्यावरून पडला आणि कमरेचे हाड मोडून त्याच दवाखान्यात आला. आम्ही चौघे त्याला बघायला गेलो. पडदा जरा सरकलेला होता. आत माझी सून, डोके उघडे, पांढरा कोट, एका हाताने मगनची पाठ पुसत होती आणि दुसऱ्या हाताने त्याला कुशीवर धरून होती. मगन उघडा. तिने मला पाहिले नाही. मी बाहेरूनच परतलो. पण मगनने मला पाहिले होते. दीड महिन्याने तो काठी घेऊन खात्यात आला, माझ्या लूमपासून सहा लूम लांब उभा राहिला आणि हाताने बोलला. आधी पदराची खूण, म्हणजे सून. मग माझ्याकडे बोट. मग स्वतःच्या पाठीवरून, छातीवरून, खाली खाली असा हळू हात फिरवला आणि डोळे मिटून मान डोलावली. पूर्ण रांग हसली. आवाज नव्हता, फक्त तोंडे उघडलेली दिसत होती. त्या दिवशी माझ्या लूमचा धोटा दोनदा उडाला. संध्याकाळी घरी येऊन मी हातपाय न धुता उषाबाईला म्हणालो, योगिता पडद्यामागे होती, ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, ‘तुन्या सूनले सांग, मन्या घरनी बाई परक्या माणसांनं आंग पुसाव नही.’ दुसऱ्या दिवशी योगिता कामाला गेली नाही. कोणी रडले नाही, भांडले नाही. आठवड्याने साड्यांचे गठ्ठे आले. धर्मेंद्र मिलमध्ये बारा-बारा तास असायचा. त्याने महिनाभराने विचारले, तू जात नाहीस का आता?

तर पायरीवर बसून मी विचार करत होतो, की जी बाई अकरा वर्षे नर्स नाही ती नर्सच्या तालमीला कशाला येते? आणि चोरून? दार उघडेच होते. आत वीस-पंचवीस बायका, मध्ये टेबलावर एक अर्धा बाहुला, नुसते डोके आणि छाती, आणि एकेक बाई त्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबत होती. सगळ्या मोजत होत्या. तीस झाले की वाकून त्याच्या तोंडात दोन फुंका. मला हसू आले; मंत्रच होता म्हणायचा, मेलेल्याला उठवायचा. योगिता रांगेत उभी होती. तिच्यापुढे एक जाड गुजराती बाई, मागे वळून बोलत होती. त्या दोघींचे ओठ मला दारातून स्वच्छ दिसत होते. ती बाई, किरणबेन, म्हणाली, ‘तुम तो कहीं काम नहीं करती, फिर ट्रेनिंग के इतने घंटे किसलिए भरती हो? छोड दो ने.’ योगिता म्हणाली, ‘छोड दिया तो नर्स के रजिस्टर से नाम निकल जाएगा.’ ‘निकल जाए तो? कौन देखता है?’ योगिताने खांदे उडवले. ‘मैं देखती हूँ.’ मग किरणबेनने विचारले, घरी माहीत आहे का. आणि योगिता हसली. तिचे हसणे मी ओळखले. भिंतीशी बोलताना ती कधी कधी तसे हसते.

तेवढ्यात एक उंच, साठीची बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. सगळ्या तिला सुधाताई म्हणत होत्या. कुठल्याशा मोठ्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली, चष्मा दोरीला बांधलेला. ‘काका, कोणाला सोडायला आलात का?’ मी मान हलवली, ती हो की नाही कशीही घेता आली असती. ‘वेळ आहे का तुम्हाला? आमचा पेशंट आलाच नाही हो. एका आजोबांना सांगितलं होतं, त्यांना ताप आलाय. अर्धा तास नुसतं पडून राहायचं, पाच-सहा जणी येतील, नाडी बघतील, कुशीवर वळवतील, उठवून खुर्चीत बसवतील. दुखवणार नाही कोणी. नंतर चहा-बिस्किट.’ मी नाही म्हणायला हवे होते. पण मला आतून बघायचे होते. दारातून बघून बघून माणूस कंटाळतो. आणि आत वीस-पंचवीस बायका, त्यातून आपलीच सून आपल्या वाट्याला येईल असे कशाला होईल, असा हिशेब केला. सुधाताईंनी नाव विचारले, मी खरे सांगितले. त्यांनी कागदाच्या पट्टीवर लिहिले, दगा शिवराम, वय ६८, आणि ती पट्टी माझ्या मनगटाला चिकटवली. मला पडद्यामागे लोखंडी खाटेवर झोपवले. मफलर काढून घेतला. वर पंखा होता, त्याच्या पात्यांवर जळमटे. आडवे पडून जग बघितले की सगळ्यांच्या हनुवट्या दिसतात.

सुधाताई पायथ्याशी खुर्ची टाकून बसल्या, हातात यादी. त्यांनी बाहेरच्या बायकांना मोठ्याने सांगितले, इतके मोठ्याने की मलाही ऐकू आले. ‘पायऱ्या नऊ आहेत. पहिली मी सांगणार नाही. जिची पहिली पायरी चुकेल तिचे आजचे तास मी धरणार नाही, मग ती कितीही चांगली सुई टोचत असो. महिनाअखेरीला ज्यांच्या नोंदणीची मुदत संपते त्यांनी नीट ऐका, यानंतर शिबिर नाही.’ पहिली बाई आली. ‘दादा, नाम क्या है आपका?’ मी म्हणालो, ‘दगा शिवराम.’ तिने मनगटावरची पट्टी वाचली. ‘दगाकाका, मैं आपका बीपी नापने वाली हूँ. ठीक है?’ दुसरी आली, तिनेही नाव विचारले, पट्टी पाहिली, नाव घेतले. तिसरी घाईत होती, तिने येऊन एकदम माझा हात धरला. सुधाताईंनी यादीवर फुली मारली आणि म्हणाल्या, ‘जा बाहेर. तू कोणाचा हात धरलायस ते तुला माहीत नाही.’ ती रडवेली होऊन गेली. तेव्हा मला पहिली पायरी कळली. पेशंटला त्याचे नाव त्याच्या तोंडून विचारायचे, पट्टीशी जुळवायचे आणि त्याला त्या नावाने हाक मारायची. मग पुढचे सगळे. मला ते आवडले. मी बत्तीस वर्षे लूम चालवला, मला सगळे सात नंबर म्हणायचे. चौथी किरणबेन होती, तिचे हात गरम होते आणि तिने मला पोत्यासारखे वळवले. ‘किती महिने संपायला राहिले?’ सुधाताईंनी तिला विचारले. ‘आठ.’ ‘मग अजून एकदा ये.’ आणि मग त्या यादीत बघून म्हणाल्या, ‘योगिता. तुझी तर या महिन्यातच संपते की ग. मागच्या खेपेला, पाच वर्षांपूर्वी पण तू शेवटच्या दिवशी आली होतीस. चल.’

मी उठून पळू शकलो असतो. अडुसष्ट वर्षांचा माणूस उठेपर्यंत पडदा सरकला. योगिता आत आली. साडीवर पांढरा एप्रन, मागे गाठ बांधलेली. तिने आधी सुधाताईंना नमस्कार केला, मग माझ्याकडे पाहिले. तिचा हात खांद्याकडे गेला, पदराकडे. पण पदर एप्रनच्या आत खोचलेला होता, तो निघेना. बोटे दोनदा खांद्यावर चाचपडली आणि खाली आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती. दार उघडले आणि दारामागे दुसरेच घर निघाले तर माणूस जसा बघेल तसे ती बघत होती. मीही तसाच बघत असेन. पंखा फिरत होता. ‘हं,’ सुधाताई म्हणाल्या, ‘कर सुरू.’ योगिता माझ्या मनगटाकडे बघत होती. मला पट्टीवरचे माझे नाव दिसत होते, तिलाही दिसत होते, पाटीवर तिनेच दाखवलेली अक्षरे. चौदा वर्षांत ते नाव तिने रेशन कार्डावर बोट ठेवून दाखवले होते, पण तोंडाने घेतले नव्हते. चंचल लहान असताना शाळेतल्या बाईंनी आजोबांचे नाव विचारले, तर योगिता म्हणाली होती, तीच सांगेल. आणि चार वर्षांच्या पोरीने सांगितले होते. आता इथे नाव घेतले नाही तर तास गेले. तास गेले तर महिनाअखेरीला नर्सच्या वहीतून तिचे नाव गेले. हे सगळे मला आडवा पडून, हनुवटी बघत, एकदम कळले.

‘तुमचं नाव सांगा,’ योगिता म्हणाली.

मला. सरळ. आवाज थोडा फाटला होता. मी तिला यातून सोडवायचे ठरवले. मला वाटले, खरे नाव तिच्या तोंडी येऊ नये एवढेच तर आहे. दुसरे कुठले तरी नाव देऊ, ते ती घेईल, काम होईल, आणि घरी कोणाला काही कळायचे नाही. तोंडात आले ते माझ्या आधी जन्मून आठव्या दिवशी गेलेल्या भावाचे नाव. ‘चिंधा,’ मी म्हणालो.

सुधाताईंनी यादीवरून डोळे वर केले. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले की सांगितलेले नाव पट्टीशी जुळायला हवे. मी तिच्यासाठी दार उघडायला गेलो आणि बाहेरून कडी घातली. ती चिंधा म्हणाली असती तर तिसरीसारखी तिलाही बाहेर जावे लागले असते; आणि गप्प राहिली असती तरी. योगिताने माझे मनगट धरले. पट्टी वाचायला धरले, पण धरले. चौदा वर्षांत पहिल्यांदा तिचा हात मला लागला. टिकल्यांच्या गोंदाने बोटांची टोके खरखरीत झालेली. तिने वाचले आणि माझ्याकडे पाहिले, आणि मी डोळ्यांनी म्हणालो, म्हण ना, चिंधा म्हण.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘तुमच्या हातावर दुसरं नाव आहे.’

‘चिंधाच,’ मी म्हणालो. का म्हणालो माहीत नाही. अंगात हट्ट होता.

‘नाही. तुमचं नाव दगा आहे.’ ती थांबली. छप्पर पडले नाही. ‘दगा शिवराम. वय अडुसष्ट. बरोबर?’

‘बरोबर,’ मी म्हणालो.

‘दगाकाका, मी आता तुम्हाला माझ्या बाजूला कुशीवर वळवणार आहे. एक हात खांद्याला लागेल, एक कमरेला. चालेल?’

आधीच्या तिघींनीही ‘ठीक है’ विचारले होते, पण ते मी नाडी मोजण्यासारखेच रीतीचे धरले होते. आता मला उत्तर द्यावे लागणार होते. आणि उत्तर देण्याच्या आधी माझ्या मनात मगन आला. तिने मगनलाही विचारले असणार. मगनभाऊ, मी तुम्हाला वळवते, चालेल? आणि मगन, कमर मोडलेला, घाणीत पडलेला, हो म्हणाला असणार, आणि तिने त्याला घाणीतून बाहेर काढले असणार. एवढेच पडद्यामागे चालले होते. मी पडदा जरा सरकलेला असताना बघितले, आणि बाकीचे सहा लूम लांबून मगनच्या हाताने बघितले. ओठ वाचणारा माणूस मी, पण त्या दिवशी तिच्या ओठांकडे माझे लक्ष नव्हते. ‘आजोबा, चालेल का विचारतेय ती,’ सुधाताई म्हणाल्या. ‘चालेल,’ मी म्हणालो.

तिने मला वळवले. किरणबेनने वळवले तेव्हा माझे सगळे वजन माझ्याजवळ होते. हिने ते कुठे नेले मला कळले नाही. मी नुसता वळलो. मग पाय खाटेखाली सोडले, खांद्याखाली हात घातला, ‘माझ्याकडे बघा, खाली नको,’ म्हणाली, आणि मी खुर्चीत होतो. ती वाकून माझे पाय नीट ठेवत होती, जरा जास्तच वेळ ठेवत होती. सुधाताईंनी नऊ रेघा मारल्या. ‘तुझी पहिली पायरी मी शिकवायला वापरीन,’ त्या म्हणाल्या. ‘पेशंट चुकीचं नाव सांगतो तेव्हा निम्म्या जणी तेच लिहून मोकळ्या होतात. आजोबा, तुम्ही मुद्दाम सांगितलंत ना? हुशार आहात!’ मग माझ्याकडे आणि तिच्याकडे बघून त्यांनी विचारले, ‘ओळखीचे आहेत का ग?’

‘माझे सासरे,’ योगिता म्हणाली.

‘अरे, मग तर सोपंच गेलं असेल तुला!’ सुधाताई म्हणाल्या. बाहेर किरणबेन मोठ्याने हसली. योगिताने माझ्याकडे पाहिले नाही.

परतीच्या बसला रविवारची गर्दी नव्हती. तिने एप्रन पिशवीत टाकला होता, प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये सहीचा कागद होता. मी मागे जाऊन बसलो. दोन स्टॉप गेल्यावर ती पुढून उठली, आली आणि माझ्या शेजारी, उजव्या कानाच्या बाजूला बसली. पदर खांद्यावर होता. आम्ही दोघे समोर बघत होतो. समोर भिंत नव्हती, पुढच्या सीटची पाठ होती, तिच्यावर कोणीतरी बदाम कोरला होता.

‘आबा, तुम्ही माझ्या मागे आले होते,’ ती म्हणाली.

‘आलो होतो.’

‘काय वाटलं होतं तुम्हाला?’

मी खिडकीबाहेर बघितले. ती म्हणाली, ‘ते बी समजलं.’

मी म्हणालो, ‘मी तेव्हा जे बोललो होतो ते परत घेतो.’

‘कोणतं?’

‘तुले माहीत शे.’

‘माले माहीत शे,’ ती म्हणाली. ‘पण तुम्ही तवय जिजीले सांगं होतं. माले नही.’ जिजी म्हणजे तिची सासू, उषाबाई.

म्हणून मला ते वाक्य पुन्हा म्हणावे लागले, तिच्याकडे तोंड करून, चालत्या बसमध्ये, अकरा वर्षांनी. म्हणताना वाटले की हे कोणा दुसऱ्याचे आहे, एवढेसे आणि कोते. म्हटले, आणि पुढे म्हटले, ‘ते चुकलं. तू कामाले जा. मी धर्मेंद्रले सांगतो. उद्या सांगतो.’ मला वाटले होते ती रडेल किंवा हसेल. तिने फाईल मांडीवर सरळ केली.

‘त्यांना मी सांगसू,’ ती म्हणाली. ‘कामाले जावानं का नही, ते बी मी ठरवसू. चंचलनं बघनं पडी. माझ्या हाताची सवय सुटली आहे, आज अठ्ठावीसवर चुकले मी बाहुल्यावर.’ मग म्हणाली, ‘राग गेला नही मना. तुम्हाला वाटेल आता गेला. नही गेला.’

‘बरं,’ मी म्हणालो. मला एवढे कळले की मी अकरा वर्षे ज्या दाराशी राखण करत बसलो होतो त्याला दुसऱ्या बाजूने वाट होती आणि योगिता दर पाच वर्षांनी तिथून जाऊन-येऊन होती. राग यायला हवा होता. त्याऐवजी वाटत होते, विचारावे, आणखी काय काय बघून येते ही? बस रिंग रोडवर वळली, कापड बाजाराच्या इमारती आल्या, सगळी शटर खाली. योगिता माझ्या पायांकडे बघत होती.

‘डाव्या पायले सूज कवयपासून शे?’ तिने विचारले.

‘कुठे सूज?’

‘आबा. खुर्चीत बसवलं तेव्हा पाहिली मी. चप्पलचा पट्टा रुतला आहे.’

‘दिवाळीपासून,’ मी म्हणालो. हे मी कोणालाही सांगितले नव्हते, बळीरामलाही नाही. ‘सकाळी कमी असते.’

‘दम लागतो?’

‘जिना चढताना.’

‘झोपताना उशा किती लागतात?’

‘दोन. आधी एक पुरायची.’

‘उद्या डॉक्टरांकडे जायचं. मी येसू संगे.’ मग ती सीटवरून खाली वाकली. ‘धोतर वर करा जरा. पाणी साठलंय का ते दाबून बघते. चालेल?’

मी मान हलवली. तिने अंगठा नडगीवर ठेवला, घोट्याच्या वर, आणि दाबून धरला. ओठ मोजत होते. मग अंगठा काढला. तिथे खड्डा राहिला होता, तिच्या अंगठ्याएवढा, मऊ मातीत उठावा तसा, आणि तो भरून येत नव्हता. समोरच्या सीटवरचा माणूस वळून बघू लागला. बघू दे. आम्ही दोघे माना खाली घालून, डोक्याला डोके लागेल इतके जवळ, तो खड्डा किती वेळात भरतो ते बघत राहिलो.